रागाला नाव देण्याआधी

हल्ली लहान मुलांच्या शाळांत भावनांचाही तास असतो. भिंतीवर हसरे, रडके, रागावलेले चेहरे लावलेले असतात. "आज तुला कसं वाटतंय?" असं विचारलं की मूल त्यातल्या एकावर बोट ठेवतं. हे ऐकून आमच्या वयाची काही मंडळी म्हणतात, "ही काय नवी थेरं!" आणि काही म्हणतात, "आमच्या वेळी असं काही नव्हतं हो." मला दोन्ही पटत नाही. या गोष्टीला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या अंगणात घडलेला आहे.

सुरुवात रोमची. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरींनी मुलांसाठी एक घर उघडलं. तिथला शांततेचा खेळ पुढे जगभर गेला. मुलांनी न हलता बसायचं. बाईंनी दुसऱ्या खोलीतून एकेकाचं नाव अगदी हलक्या आवाजात घ्यायचं, आणि ज्याला ऐकू येईल त्यानं पाऊल न वाजवता उठून यायचं. "गप्प बसा!" म्हणून दरडावण्यात आणि या खेळात जमीनअस्मानाचं अंतर आहे. इथे मूल स्वतःच स्वतःला आवरतं. आपलं नाव येईपर्यंत वाट पाहायची, हे चार वर्षांच्या जिवाला काही सोपं नाही.

हा विचार भावनगरला नेला गिजुभाई बधेकांनी. ते मूळचे वकील. १९२० साली त्यांनी तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं आणि लोक त्यांना कौतुकानं 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो, आणि त्याची पार फजिती होते. मुलं नाना आवाज काढतात, खिदळतात, वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होऊन गोष्ट सांगायला बसतो, आणि तीच मुलं तल्लीन होऊन ऐकतात.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. खेळ वाईट नव्हता, पण तो आधी आला. ज्या मुलांना वर्ग म्हणजे धाक एवढंच ठाऊक, त्यांना आतून शांत व्हा म्हणून कसं चालेल? आधी या माणसाजवळ आपल्याला भ्यायचं कारण नाही, हे त्यांना कळायला हवं. ते काम गोष्टीनं केलं.

ताराबाई मोडक १९२३ साली गिजुभाईंना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. तिथे एक वेगळीच अडचण निघाली. बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी एकात्मिक बालविकास योजनेनं हेच नाव घेतलं. १९५७ नंतर कोसबादच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातही शाळा भरली.

आपण याकडे शिक्षणप्रसार म्हणून पाहतो. मी त्याकडे भावनांचं शिक्षण म्हणूनही पाहते. बुजलेल्या मुलाला "बुजू नकोस" असं सांगून काही होत नाही. त्याला बुजवणारी इमारत बाजूला ठेवून त्याच्या अंगणात जाऊन बसावं लागतं.

यानंतरचा इतिहास भराभर सांगते. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकानं 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द घरोघर पोचवला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलांना मारण्यावर आणि त्यांच्या मानसिक छळावर बंदी घातली. २०१८ साली दिल्ली सरकारनं नर्सरी ते आठवीसाठी आनंदाची रोजची तासिका सुरू केली. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात सामाजिक-भावनिक विकासाला स्वतंत्र जागा मिळाली. चांगलंच झालं. पण क्रम विसरून चालणार नाही. रागावलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवणाऱ्या मुलाला लगेच "असं रागवायचं नसतं हं, बाळा" असं ऐकावं लागलं, तर उद्या ते मुकाट्यानं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवेल. तक्ता भरेल, मूल मिटून जाईल. "बाई, मला तुमचाच राग आलाय," असं ज्या वर्गात म्हणता येतं, तिथे हा तास खरा.

आणखी एक. भावना ओळखायला शब्द लागतात, आणि ते आपल्याकडे रग्गड आहेत. रुसणं, फुरंगटणं, हिरमुसणं, बावरणं, बुजणं, ओशाळणं, खट्टू होणं... प्रत्येकात उपायही दडलेला आहे. रुसलेल्याला मनधरणी हवी असते. हिरमुसलेल्याला मनधरणी नको, नुसतं जवळ बसणारं कोणी हवं. बावरलेल्याला ओळखीचा हात हवा. ओशाळलेल्याकडे थोडा वेळ पाहूच नये. नातवंडांना आपण या सगळ्यासाठी 'सॅड' हा एकच शब्द दिला, तर ती तरी आपल्याला नेमकं काय हवंय ते कसं सांगणार?

म्हणून तक्त्यावरच्या चेहऱ्यांखाली हे शब्द लिहावेत असं मला वाटतं. शाळेत नसेल जमत, तर घरी वापरावेत. तुमच्या आजीचा असा एखादा खास शब्द असेल तर जरूर कळवा.