रेवतीचे माहेर

‘संगीत संशयकल्लोळ’ची वंशावळ नाट्यरसिकांना पाठ आहे. मोलिएरचे ‘स्गानारेल’ १६६० चे, त्यावरून आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ १७६१ चे, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचा १८९३ चा गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेला त्याचा संगीत अवतार. पण ही सगळी वंशावळ फाल्गुनरावाची झाली. रेवतीचे काय? मोलिएरची सेली खात्यापित्या घरची लेक, मर्फीची बेलिंडाही घरंदाज. रेवती मात्र मघा नायकिणीची मुलगी. तिचे माहेर पॅरिसलाही नाही आणि लंडनलाही नाही, ते उज्जयिनीला आहे. ती शूद्रकाच्या वसंतसेनेची लेक आहे, असे मी आग्रहाने म्हणतो.

फाल्गुनरावाआधी काही वर्षे देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते. त्यातला गाड्यांचा घोटाळा आठवा. वसंतसेनेच्या प्रियकराचा, चारुदत्ताचा, गाडीवान बैठकीचे आच्छादन विसरला म्हणून गाडी घेऊन परत जातो. तेवढ्यात वाटेत इतर गाड्यांची दाटी झाल्याने खलनायक शकाराची गाडी त्याच दाराशी थांबते, आणि वसंतसेना तिच्यात चढून बसते. एका विसरलेल्या आच्छादनापायी पुढे खुनाचा आळ, न्यायसभा आणि वधस्तंभ. ‘संशयकल्लोळा’त रेवतीला भर रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेस पडते, रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिका उचलते आणि ती तिच्या हातात फाल्गुनरावाला दिसते. तसबीर मोलिएरकडूनच आलेली आहे, ती मी शूद्रकाच्या खात्यावर मांडत नाही. पण वस्तू चुकीच्या हाती गेली की माणसाची ओळखच कशी फिरते, याचा सराव देवलांच्या लेखणीला आधीच झालेला होता. या प्रसंगात बोलण्याची गरजही नाही. सारे नुसते दिसते आणि दिसते म्हणूनच फसवते.

माझा खरा पुरावा संशयाच्या जातीत आहे. मर्फीच्या बेलिंडाचा प्रियकर बेव्हर्ली संशय घेतो, कारण तो स्वभावानेच हळवा आणि उतावळा. अश्विनशेठच्या संशयाला मात्र जगाने आयती बैठक घालून दिली आहे: नायकिणीची मुलगी एकाची होऊन राहील कशी? हा प्रश्न इंग्रजी नाटकात नाहीच. ‘मृच्छकटिका’त तो आहे. न्यायसभेत गणिका तुमची मैत्रीण का असे विचारतात तेव्हा चारुदत्तासारखा उदार माणूसही लाजून चाचरतो. न्यायसभेतली ती लाज देवलांनी उचलून थेट प्रियकराच्या मनात नेऊन ठेवली. आणि शेवटी वसंतसेनेला जशी ‘वधू’ ही पदवी मिळते, तशी रेवतीही बैठकीतून घरात येते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. त्या काळी घरंदाज घरातली मुलगी वयात येण्याआधीच बोहल्यावर चढे; संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने वयोमर्यादा नेली तीही जेमतेम बारावर. मोठी, अविवाहित, रस्त्याने एकटी जाणारी आणि स्वतःचा नवरा स्वतः निवडणारी नायिका आणायची कुठून? नायकिणीच्या घरातूनच, मग त्यासाठी शूद्रक कशाला हवा? गरजेपुरते हे मला कबूल आहे. पुढे बालाजरठ विवाहावर ‘शारदा’ लिहिणाऱ्या देवलांना ही अडचण दुसऱ्या कोणी समजावून द्यायला नको होती. पण गरज फक्त पात्राची जात ठरवते, त्याचे शील ठरवत नाही. प्रहसनकाराला नुसती नायकीणच हवी असती, तर लुबाडणारी, नखरेल बाई हाताशी होती आणि हशा तिच्यावरही पिकला असता. देवलांनी रेवतीला मानी केले, संशय घेणाऱ्याला तिच्यापुढे खजील केले. हे वळण वसंतसेनेचे आहे.

नावांत मला आणखी एक खूण दिसते. महिने आणि नक्षत्रे वाटताना देवलांनी फाल्गुनाच्या पदरी कृत्तिका बांधली, जी पंचांगात कार्तिकाची. म्हणजे या नवराबायकोचे नावापासूनच जमत नाही. नुसता नाद म्हणून ही नावे घेतली असे कोणी म्हणेल. पण मग दुसरी जोडी इतकी नेमकी कशी बसली? रेवती हे सत्ताविसावे नक्षत्र, अगदी शेवटचे. ती संपते तिथेच अश्विनी लागते.