माहेर सौंसर, सासर पांढुर्णा

लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी चिडवायच्या, "तुझं तर माहेरच सौंसर, आता सासरी जाऊन काय वेगळं?" आणि खरंच, पांढुर्ण्याला आले तर सगळं तेच. तीच मराठी, तेच संत्र्याचे बगीचे, तोच पोळा. शाळेच्या पुस्तकात मात्र ही दोन्ही गावं मला कुठे भेटली नाहीत. जो काही इतिहास कळला तो सासूबाईंकडून.

त्यांचं माहेर काटोलकडचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. मग १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी झाली भोपाळ. सासूबाई म्हणत, "मी तं कुठीच नाई गेली बाई, माहेरच माहं दुसऱ्या राज्यात गेलं."

त्याआधी किती राज्यं आली नि गेली! ज्या नागपूरला आपण लग्नाचा बस्ता घ्यायला जातो, ते शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. देवगड आपल्याच छिंदवाड्याच्या डोंगरात. पुढे भोसले आले. १८५३ला इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, १८६१ला मध्य प्रांत केला. इतकं होऊनही नागपूर आणि आपण एकाच कारभाराखाली होतो. ती गाठ सुटली १९५६ला.

सोयरिकी तुटल्या नाहीत. मुली अजून काटोल-सावनेरला दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. पण आमच्या घरात मुलांची शाळा हिंदी झाली, अर्ज-दाखले हिंदी झाले. मराठी उरली ती आम्हा बायांच्या बोलण्यात.

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना आठवते ती गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा-सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. माणसं जखमी होतात, मरणंही झाली आहेत. आमचं दशलक्षण पर्व चार दिवसांवर असतं. तो दिवस मी दार लावून काढते. सांगतात, पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघं मेली. मी कितीजणांना विचारलं, त्या मुलीचं नाव काय? कुणालाच ठाऊक नाही. तिला यायचं होतं की नव्हतं, हेही नाही.

२०२३ला पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. माझं माहेर आणि सासर, एवढाच काय तो जिल्हा! आता कुणीतरी त्याचा इतिहास लिहील. त्यात राजे असतील, सनावळी असेल. म्हणून मैत्रिणींनो, घरात ऐंशी ओलांडलेली आजी असेल तर आजच तिच्याजवळ बसा. १९५६च्या आधी माहेरी कशी जायचीस, शाळेत कोणती भाषा होती, गोटमारीच्या दिवशी घरात काय करायचीस, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिचं नावही लिहा.