मक्याच्या लाहीचे कूळ

रबाळ्यातील घराघरांत गॅसच्या शेगडीवर, कढईत किंवा कुकरमध्ये जे पॉपकॉर्न फुटतात, त्यांचा दाणा अमेरिका खंडातून आलेला असला, तरी दाणा उष्णतेने फोडून त्याची लाही करण्याची विद्या मका येण्यापूर्वीच या देशात पूर्णपणे मुरलेली होती. गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या विवाहविधीतील लाजाहोम आणि चरकसंहितेत आजाऱ्यासाठी सांगितलेली लाजपेया यांतील ‘लाजा’ म्हणजे साळीच्या, अर्थात तुसासकट भाजलेल्या भाताच्या लाह्या होत. रबाळे, घणसोली, ऐरोली ही ठाणे खाडीकाठची आगरी-कोळी वस्तीची, भातशेती आणि मासेमारीवर जगणारी गावे असल्यामुळे, लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ठेवल्या जाणाऱ्या साळीच्या लाह्यांचे धान्य येथल्या शेतांतलेच होते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले, तेव्हा देशावरून आणि मराठवाड्यातून आलेल्या कामगार कुटुंबांबरोबर नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही या पट्ट्यात आल्या. त्यांची कृती बारकाईने पाहण्याजोगी आहे. आदल्या दिवशी ज्वारी कढत पाण्यात क्षणभर बुडवून उपसतात, फडक्यात बांधून रात्रभर मुरू देतात, सकाळी सावलीत वरवर सुकवतात आणि मग चांगल्या तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून फडक्याच्या बोळ्याने सतत फिरवतात. बोळा थांबला की खालचे दाणे करपतात. या साऱ्या खटाटोपाचे मर्म ओलीत आहे. दाण्यातील पाण्याची वाफ होते, कवच तिला अडवून धरते, आतले पिष्ट, म्हणजे दाण्यातील पिठाचा अंश, मऊ होते आणि कवच फुटताच ते फुगून क्षणात थिजते. ओल कमी पडली तर वाफ पुरत नाही, जास्त झाली तर कवच सैल होऊन दाणा अर्धवटच उमलतो. भट्टीवर तापलेल्या वाळूत दाणे परतणारा भडभुंजा आणि कढईपुढे बसलेली गृहिणी, दोघांचेही कसब ही ओल नेमकी राखण्यात असे.

मका मेक्सिकोत सुमारे 9,000 वर्षांपूर्वी रानगवतापासून माणसाळला, आणि पेरूच्या किनाऱ्यावर लाहीच्या मक्याचे सुमारे 6,700 वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. भारतात तो पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र भाजून खाण्याच्या कणसाचा मका आणि लाहीचा मका या निराळ्या जाती आहेत. लाहीच्या मक्याचा दाणा लहान, कवच जाड आणि चिवट, आतले पिष्ट काचेसारखे कठीण; त्यात 13 ते 14 टक्के ओल राखूनच तो वाळवतात. सुमारे 180 अंश सेल्सिअसला आतील वाफेचा दाब बाहेरील हवेच्या नऊपट होतो आणि कवच फाटते. म्हणजे ज्वारीला जे पाणी घरी द्यावे लागे, ते मक्याच्या दाण्यात वाळवणीच्या वेळीच मोजून राखलेले असते. हा दाणा कुणाच्याही हातून फुटू लागला आणि शहरातल्या घरात रुळला, याचे खरे कारण हेच मानावे लागेल.

वाळूची जागा तेलाने घेतली, कारण तेल दाण्याला चोहोबाजूंनी सारखी आच पोहोचवते, आणि बोळ्याचे काम भांडे हलवण्याने होऊ लागले. कुकर वापरताना झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवतात, यालाही आधार आहे: फुटण्याचा दाब दाण्याच्या आत तयार होतो, भांड्यात वाफ कोंडली तर लाही चामट होते.

जुनी विद्याही मागे पडलेली नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी ज्वारीचा ‘फुले पंचमी’ हा वाण दिला आहे. कढईच्या तळाशी न फुटता उरणारे गणंग मात्र ज्वारीत असोत वा मक्यात, बहुधा याच दोन कारणांनी उरतात: दाण्याची ओल उडालेली असते किंवा कवचाला चीर गेलेली असते. चिरलेल्या दाण्याला उपाय नाही. पण नुसत्या सुकलेल्या मक्याच्या बरणीत चमचाभर पाणी घालून, ती घट्ट बंद करून दोन-तीन दिवस अधूनमधून हलवली, तर त्यातले बरेच दाणे पुन्हा फुटण्याजोगे होतात.