शेफील्डच्या उस्तादांच्या हाताखाली

सुरी आपल्या घरात रोज हाताळली जाते. परंतु ती घडविण्याची विद्या कोण कोणाकडून शिकला, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड या गावाने मात्र तो शतकानुशतके फार गंभीरपणे घेतला. १२९७ सालच्या करनोंदीत तेथील एका माणसाच्या नावापुढे सुऱ्या करण्याचा व्यवसाय लागलेला आढळतो. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या कथेतील गिरणीवाल्याच्या पायमोज्यात चाकू खोचला, तोही शेफील्डचाच.

सोळाव्या शतकात हे कारागीर श्रूझबरीच्या अर्लच्या छायेखाली होते. १५६५ साली सहाव्या अर्लच्या अमलात त्यांच्या धंद्याचे नियम लेखी झाले. (स्कॉटलंडची कॅथलिक राणी मेरी १५७० ते १५८४ या काळात बहुतांशी याच अर्लच्या पहाऱ्यात, याच गावी कैदेत होती.) १६१६ साली सातवा अर्ल पुत्राविना निवर्तला. कारागिरांना वाली उरला नाही, तेव्हा त्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि १६२४ च्या कायद्याने हॅलमशर परगण्यातील सुरी-कारागिरांचा संघ स्थापन झाला.

या संघाचा कणा म्हणजे सात वर्षांची उमेदवारी. बाप मुलाला उस्तादाकडे नेई, करार होई. करारपत्राच्या दोन प्रती एकाच कागदावर लिहून तो दातेरी रेषेवर कापण्याची जुनी चाल होती. वाद उद्भवला तर दोन तुकड्यांचे दाते जुळवून पाहायचे. शागिर्दाने लग्न करावयाचे नाही, जुगार खेळायचा नाही, दारूच्या गुत्त्यात जायचे नाही. उस्तादाने त्याला अन्न, वस्त्र, निवारा द्यायचा आणि आपल्या धंद्याची 'मिस्टरी' शिकवायची. हा शब्द वाचून आम्ही थबकलो. येथे त्याचा अर्थ 'रहस्य' नव्हे. सेमिनरीत घोकलेल्या लॅटिनमधील 'मिनिस्तेरियुम', म्हणजे सेवा, या शब्दाचे ते बदललेले रूप आहे. बंधन एकट्या शागिर्दावर नव्हते, ते उस्तादावरही होते, हे आम्हांला विशेष वाटते. सात वर्षे भरली की मुलगा संघात दाखल होई आणि पात्यावर ठोकायची स्वतःची खूण त्याला मिळे.

इतकी वर्षे कशासाठी? पोलादाला पाणी देणे ही एकच गोष्ट घ्या. तापवून विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते. ते पुन्हा हलक्या आंचेवर धरले म्हणजे त्यावर रंग चढू लागतात: प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. कोणत्या रंगावर थांबायचे, हे पाते कशासाठी आहे त्यावर ठरते. तो क्षण पुस्तकात सांगता येतो, पण ओळखायला कुणाच्या तरी शेजारी उभे राहावे लागते.

याचा प्रत्यय मुंबईच्या एका पार्सलानेही दिला. १७९४ साली येथील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी भारतीय 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यांवर निबंध वाचला. लंडनचे नामांकित कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी त्या पोलादाचा चाकू घडवला. पुढे १८१८ पासून स्टोडार्ट यांनी लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे याला साथीला घेऊन तसे पोलाद बनविण्याचे प्रयोग आरंभिले. नमुना हाती होता, रसायनशास्त्र हाती होते. ज्याच्या मुशीतून ते निघाले तो दक्षिण भारतातील कारागीर मात्र समोर नव्हता. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या त्या भट्ट्या एकेक करून थंडावल्या.

उस्ताद मिळणे हे नेहमी सुदैवच असे, असे मात्र समजू नये. शेफील्डमध्ये धार लावणारे फिरत्या दगडी चाकापाशी घोड्यावर बसल्यासारखे बसत आणि धूळ छातीत घेत. काटे आणि सुया कोरड्या दगडावर घासणाऱ्यांची दशा सर्वांत वाईट; त्यांतले कित्येक ऐन तारुण्यात जात. डॉ. जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या फुफ्फुसरोगावर ग्रंथ लिहिला. त्याआधी, १८२० च्या सुमारास, अब्राहम नावाच्या शिक्षकाने धूळ ओढून घेणारे लोहचुंबकाचे साधन काढले होते. कामगारांनी ते स्वीकारले नाही. धोका कमी झाला तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती. बापच मुलाला त्या चाकापाशी बसवत होते. हे वाचताना आम्हांला त्यांचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. दुसऱ्या कोणाकडे त्यांनी मुलाला न्यायचे होते?

१८१४ साली कायद्याने उमेदवारीची सक्ती काढून टाकली. आता कोणीही चाकू करावा. तरी विद्या जुन्याच वाटेने चालत राहिली, एकदोन खोल्यांत काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिरांकडे. त्यांना तेथील बोलीत 'लिटल मेस्टर', छोटे उस्ताद, म्हणत.

त्यांतील एक स्टॅन शॉ. जन्म १९२६. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१ साली, हा मुलगा जॉर्ज इबरसन यांच्या कारखान्यात शिरला आणि त्याने काम मागितले. दातेरी कागद नाही, साक्षीदार नाहीत. टेड ऑस्बर्न या मुरलेल्या कारागिराने त्याला मिटते चाकू घडवायला शिकवले. अशा चाकूची कमान आणि पाते इतके जुळावे लागतात की उघडताना व मिटताना स्वच्छ आवाज यावा. तो आवाज ऐकूनच काम पारखतात. राणी एलिझाबेथसाठीही शॉ यांनी चाकू घडवला. नव्वदी ओलांडल्यावरही ते कामाच्या बाकापाशी दिसत. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटनमधील 'हेरिटेज क्राफ्ट्स' ही संस्था २०१७ पासून धोक्यात आलेल्या हस्तकलांची यादी प्रसिद्ध करते. मिटत्या चाकूंची कारागिरी त्या यादीत आहे.