तिकीट एक, रेल्वे चार: परदेशी प्रवासाच्या तिकिटाचा इतिहास कुठे शोधायचा?

संशोधनासाठी युरोपातल्या दोन-तीन अभिलेखागारांत जायचं ठरलं, की लवकरच एक गोष्ट लक्षात येते. मुंबई ते पॅरिस विमानाचं तिकीट पाच मिनिटांत निघतं. पण पॅरिसहून रेल्वेने जर्मनीमार्गे प्रागला जायचं म्हटलं, की दोन-तीन देशांच्या रेल्वे, त्यांच्या वेगवेगळ्या वेबसाइट आणि वेगवेगळे नियम समोर येतात. रूळ तर सलग आहेत, मग तिकीट सलग का मिळत नाही?

हा प्रश्न प्रवाशाचा वाटतो, पण तो इतिहासाचाही आहे. मी वाहतुकीच्या इतिहासावर काम करते आणि संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण मुद्दाम देते. कारण यात एक अडचण आहे, जी तुम्हालाही कधी ना कधी येणार: ज्या वस्तूचा अभ्यास करायचा, ती वस्तूच शिल्लक नसते. प्रवास संपला की तिकीट दारावर काढून घेतलं जायचं आणि पुढे नष्ट व्हायचं. संग्रहालयात जी तिकिटं दिसतात ती बरीचशी न वापरलेली, नमुन्याची किंवा कुणीतरी आठवण म्हणून जपलेली. त्यांच्यावरून सर्वसाधारण प्रवाशाबद्दल बोलायला गेलात, तर फसाल.

मग करायचं काय? तिकिटाचा कागद बाजूला ठेवायचा आणि त्यामागचा हिशेब शोधायचा.

आधी एकाच देशातला गोंधळ

सुरुवातीच्या ब्रिटिश रेल्वेमध्ये तिकीट बहुधा हाताने लिहून दिलं जाई. त्यात वेळ तर जाईच, शिवाय क्लार्कने किती पैसे घेतले आणि किती भरले, हे ताडून पाहणं अवघड होतं. टॉमस एडमंडसन नावाचा लँकेस्टरचा एक सुतार-कारागीर १८३६ मध्ये न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरच्या मिल्टन या छोट्या स्टेशनचा मास्तर झाला. त्याने छापील, क्रमांक घातलेली पुठ्ठ्याची तिकिटं आणि त्यांवर तारीख उमटवणारं यंत्र आणलं. दिवसाअखेरीस पहिला आणि शेवटचा क्रमांक पाहिला, की किती तिकिटं गेली आणि गल्ल्यात किती पैसे हवेत ते कळे. ती जाड पुठ्ठ्याची चिमुकली तिकिटं भारतातही अनेक दशकं चालली. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना नक्की आठवतील.

लक्षात घ्या, ही सुधारणा प्रवाशाच्या सोयीसाठी जितकी होती, तितकीच मालकाला आपल्या नोकराचा हिशेब तपासता यावा म्हणूनही होती.

पण त्याने एकाच कंपनीचा प्रश्न सुटला. प्रवासी तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाणार असेल तर? पैसे पहिल्या खिडकीवर जमा झाले, उरलेल्या दोघींचा वाटा कोण देणार? यासाठी १८४२ च्या जानेवारीत लंडनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाउस सुरू झालं. बँका एकमेकींचे चेक वटवतात, तीच कल्पना इथे होती: कुणाच्या रुळांवरून किती मैल प्रवास झाला त्यानुसार वाटा काढायचा आणि शेवटी फक्त फरकाची रक्कम द्यायची. आता लंडनच्या खिडकीवर घेतलेलं तिकीट दूरच्या, दुसऱ्याच कंपनीच्या तपासनीसाला मान्य होऊ लागलं. त्याचा विश्वास प्रवाशावर नव्हता, क्लिअरिंग हाउसच्या वहीवर होता.

सीमा ओलांडल्यावर

देशाबाहेर असं क्लिअरिंग हाउस नव्हतं. ही फट भरून काढली एका खासगी माणसाने, टॉमस कुकने. १८४१ मध्ये त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी एक शिलिंगात सुमारे ५०० माणसं नेली होती. ही गोष्ट सगळे सांगतात. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्याला लोक न्यायचे होते, पण खाडीवरची जवळची वाहतूक हातात असलेल्या कंपन्यांनी त्याला सवलत दिली नाही. शेवटी त्याने हार्विचहून अँटवर्पमार्गे लांबचा वळसा घातला. म्हणजे त्या सहलीचा नकाशा हौसेने कमी आणि कोणती कंपनी करार करते यावरून जास्त ठरला. प्रवासवर्णनं वाचताना हे विसरू नका. लेखक 'आम्ही हा सुंदर मार्ग निवडला' असं लिहितो, तेव्हा तो मार्ग निवडलेला होता की तेवढाच मिळत होता, हे विचारायला हवं.

१८६३ मध्ये कुकने स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली आणि त्या दशकात त्याची 'वर्तुळ तिकिटं' रुळली. हे एक तिकीट नसून कूपनांची वही असे. प्रत्येक टप्प्यासाठी एक कूपन, त्या त्या रेल्वेने ते फाडून घ्यायचं आणि नंतर कुककडून पैसे वसूल करायचे. १८६८ पासून हॉटेलांसाठीही अशी कूपनं आली. इंग्लंडच्या लहान गावातल्या शिक्षिकेला फ्रेंच येत नसलं, फ्रँकचा भाव माहीत नसला, तरी स्टेशनावर घासाघीस करावी लागत नसे. एकट्याने प्रवास करू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी ही साधी सोय नव्हती. घरच्यांची परवानगी मिळणं न मिळणं अशाच गोष्टींवर ठरत होतं.

हीच वही मुंबईत

आता या गोष्टीची दुसरी बाजू. कुकच्या कंपनीने १८८१ मध्ये मुंबईत कार्यालय उघडलं. १८८६ मध्ये भारत सरकारने हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था तिच्याकडे सोपवली. देशातल्या गावाहून मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे जेद्दापर्यंत बोट, असा तो प्रवास होता. दलालांकडून होणारी फसवणूक आणि बोटींवरची खच्चून गर्दी थांबवणं हा उद्देश सांगितला गेला. पण सरकारला रोगराईची आणि परदेशात निराधार अडकलेल्या यात्रेकरूंचीही काळजी होती, आणि त्यांच्या हालचालींवर नजरही ठेवायची होती. व्यवस्था १८९० च्या दशकात गुंडाळली गेली.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या शिक्षिकेला जे तिकीट मोकळीक देत होतं, तशाच तिकिटाने मुंबईच्या बंदरावरच्या यात्रेकरूची नोंद होत होती. एकाच तंत्राचे हे दोन अर्थ एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर प्रबंधाचा एक चांगला प्रश्न तुमच्या हाती लागतो.

मग सरकारं आली

१८८३ मध्ये ओरिएंट एक्सप्रेस सुरू झाली. डबे एका खासगी कंपनीचे, इंजिनं आणि रूळ त्या त्या देशांच्या रेल्वेचे. प्रवासी मूळ भाड्यावर या कंपनीला वेगळा अधिभार देई. म्हणजे इथेही करारांची साखळीच. मालवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार बर्नमध्ये १८९० साली झाला, प्रवाशांचा मात्र १९२४ मध्ये. व्यापाऱ्याच्या पेटीचे हक्क प्रवाशाच्या हक्कांआधी ३४ वर्षं लिहिले गेले! दरम्यान १९२२ मध्ये रेल्वेंची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या पन्नाशीनिमित्त १९७२ मध्ये २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इंटररेल पास निघाला: एक महिना, २१ देश. त्याआधी १९५९ मध्ये युरोपबाहेरच्यांसाठी युरेल पास आला होताच.

पुढे युरोपात रेल्वे वाहतुकीत स्पर्धा आणली गेली आणि प्रत्येक कंपनी आपली तिकिटं आपल्याच पद्धतीने विकू लागली. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. रूळ जोडलेले राहिले, पण एकमेकांचा हिशेब ठेवण्यातला रस कमी झाला. याचा फटका आजही बसतो. सगळ्या टप्प्यांचं एक थ्रू तिकीट असेल तर तो एक करार असतो, आणि पहिल्या गाडीच्या उशिराने पुढची गाडी चुकली तर जबाबदारी रेल्वेची. दोन सुटी तिकिटं असतील, तर ते साधारणपणे दोन करार धरले जातात आणि नुकसान बहुतेकदा तुमचं.

तुम्ही शोधायला कुठून सुरुवात कराल?

तिकिटांच्या पेट्यांपासून नको. रेल्वे क्लिअरिंग हाउसचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'रेल १०८०' या मालिकेत आहेत. कुकची कंपनी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बुडाली, तेव्हा तिच्या संग्रहाचं काय होणार ही इतिहासकारांना मोठी चिंता होती. तो आता लेस्टरशायरच्या अभिलेखागारात आहे. कुक १८५१ पासून 'एक्सकर्शनिस्ट' नावाचं पत्र काढत असे. त्यात मार्ग आणि दर सापडतात, पण शेवटी ती जाहिरात आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचा. आणि हजच्या तिकिटांसाठी परदेशी जायची गरज नाही. मुंबई सरकारची जुनी दप्तरं आपल्या राज्य अभिलेखागारात, काळा घोड्याला आहेत.

हे कागद हाती आले की प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: पैसे कुणी घेतले, कुणाला पोचायचे होते, मध्ये कुणाच्या वहीवर विश्वास ठेवला गेला, आणि गाडी चुकली तर भुर्दंड कुणी सोसला? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तक्रारींच्या फायलीत असतं. ती फाइल आधी मागवा.