वैमानिकांचे इंग्रजी : चरखी दादरीचा धडा

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिलमध्ये अनेकजण परीक्षेसाठी, नोकरीसाठी इंग्रजी शिकतात. वैमानिकाच्या इंग्रजीवर मात्र प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. ते कसे, हे पाहू.

12 नोव्हेंबर 1996 रोजी दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला 14,000 फुटांवर राहण्याची परवानगी होती. समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांची. ते त्याहून खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ टक्कर झाली. 349 जण होते. एकही वाचला नाही. लाहोटी आयोगाच्या चौकशीत ठरलेली उंची सोडल्याचा दोष कझाक विमानाकडे गेला, आणि त्या चमूचे तोकडे इंग्रजीही चर्चेत आले. नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, विमान चालवणारे वेगळे होते.

2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेची कसोटी कडक केली. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद तपासले जातात. 6 पातळ्यांपैकी किमान चौथी लागते, आणि सर्वांत कमी गुण तोच निकाल.

असे का? ठरावीक वाक्ये रोजच्या उड्डाणाला पुरतात. अनपेक्षित संकट आले, की ते स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते.