लहान बाळाला मोतीबिंदू: ऑपरेशन 'मोठं झाल्यावर' का चालत नाही?

मोतीबिंदू फक्त म्हातारपणीच होतो असं नाही. काही बाळांच्या डोळ्यातलं भिंग जन्मापासूनच धूसर असतं. यालाच जन्मजात मोतीबिंदू म्हणतात. तो आनुवंशिक असू शकतो किंवा गरोदरपणात आईला रुबेला झाल्यानेही होतो. अनेकदा नेमकं कारण सापडत नाही.

कसा ओळखायचा?
- डोळ्याच्या बाहुलीत पांढरेपणा दिसणं
- दोन-तीन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे, खेळण्याकडे न बघणं
- डोळे सतत थरथरणं किंवा तिरळेपणा

बाहुलीतला पांढरेपणा डोळ्याच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतो. त्यामुळे लगेच डॉक्टरांना दाखवा.

घाई कशासाठी?
सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू बघायला शिकत असतो. डोळ्यातून स्पष्ट चित्र आलंच नाही, तर नंतर भिंग बदलूनही नजर पूर्ण येत नाही. म्हणून दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर साधारण 4 ते 6 आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांत असेल तर 6 ते 8 आठवड्यांत ऑपरेशन करतात. त्याहून लवकर केल्यास पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. मोतीबिंदू बारीक असेल आणि नजर अडत नसेल, तर फक्त लक्ष ठेवलं तरी चालतं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?
बाळाला पूर्ण भूल देऊन धूसर भिंग काढतात. लहान मुलांत भिंगामागचा पडदा पटकन पुन्हा धूसर होतो, म्हणून त्यालाही मध्यभागी छिद्र पाडतात.

लेन्स लगेच बसवतात का?
नेहमी नाही. बाळाचा डोळा वाढत असल्याने नंबर बदलत राहतो. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांवर अभ्यास झाला. साडेचार वर्षांच्या वयात कॉन्टॅक्ट लेन्स आणि आत बसवलेली लेन्स, दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली. पण लेन्स बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त वेळा लागलं. म्हणून तान्ह्या बाळांना बहुतेकदा आधी कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चष्मा देतात.

खरी मेहनत नंतरची
चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावावं लागतं. मूल रडतं, पट्टी ओढून काढतं. तरी डॉक्टर सांगतील तोवर ती सोडू नका. काचबिंदूची तपासणी तर आयुष्यभर करावी लागते.

खर्चाचं काय?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. आशाताई किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.